गाव पाहावे निवडून

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ असे सांगणाऱ्या आपल्या पूर्वजांना एक तिसरी यातायात ठाऊक नव्हती. ती म्हणजे गाव निवडण्याची. त्यांना गाव बापाच्या नावाबरोबरच मिळे. आमच्यासारख्या नोकरदारांना मात्र ते मंडईतल्या वांग्यासारखे उलटसुलट करून पाहावे लागते.

मी पंधरा वर्षांपूर्वी घोडबंदर निवडले. एका हाताला मुंबई, दुसऱ्या हाताला ठाणे, पाठीशी डोंगर आणि पुढ्यात वसईची खाडी. इथल्या बंदरात अरबी घोडे उतरत, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. वर टेकडीवर पोर्तुगीजांचा किल्ला आहे. १७३७ साली तो मराठ्यांनी घेतला. इतिहासासारखा शेजारी नाही. तो रेडिओ मोठ्याने लावीत नाही आणि आपल्या वाटचे पाणीही ओढीत नाही!

परवा कॉलेजातल्या एका तरुण सहकाऱ्याने विचारले, “सर, तिकडे जागा घेऊ का?” मी म्हटले, “घ्या की. पण पाहायला या ते जुलैतल्या एखाद्या सोमवारी, संध्याकाळी साडेसहाला.” लोक जागा पाहायला येतात थंडीतल्या रविवारी सकाळी. त्या वेळी बुलबुल गात असतो आणि दलालही. सोमवारी संध्याकाळी गायमुखच्या घाटात गुजरातकडे निघालेल्या मालमोटारींची रांग लागते, तिच्यात तुमची बस उभी राहते, आणि खिडकीतून दिसणारे ते हिरवेगार जंगल अर्धा तास जागचे हलत नाही. त्या बसमध्ये बसून ज्याला जागा घ्यावीशी वाटेल त्याने खुशाल घ्यावी. शिवाय रात्री दोन वाजता आजारी माणसाला कुठे न्यायचे आणि मे महिन्यात टँकर बोलवावा लागतो का, हे आधी विचारावे. कोकीळ काय, कुठेही गातो.

तुम्ही म्हणाल, मग शहरातच का राहिला नाहीत? अहो, पगार शहराचा आणि अंगण खेड्याचे, ही हाव जुनीच आहे. इंग्लंडात पार्लमेंटचे लघुलेखन करणाऱ्या एबेनेझर हॉवर्डने १८९८ साली याच हावेवर एक पुस्तक लिहिले आणि १९०३ पासून लेचवर्थ नावाचे उद्याननगर उभेही राहू लागले. त्याच्या आराखड्यात भोवती शेते राखायची होती, जमीन सगळ्यांच्या मालकीची राहायची होती आणि वस्ती बत्तीस हजारांवर गेली की पुढच्यांनी दुसरे गाव वसवायचे होते. आम्ही उद्यान घेतले आणि अटी तेवढ्या विसरलो. १९८५ साली घोडबंदरसह पाच ग्रामपंचायती मिळून मीरा-भाईंदरची नगरपरिषद झाली, २००२ साली महानगरपालिका. १९९१ च्या शिरगणतीत पावणेदोन लाखांच्या आसपास असलेली वस्ती २०११ साली आठ लाखांवर गेली. हॉवर्डचे अख्खे नगर आमच्या एखाद्या प्रभागात हरवून जाईल.

आता माझे काही स्नेही बदलापूर, नेरळ, कर्जत अशी पुढची गावे हुडकू लागले आहेत. मलाही आग्रह होतो. मी नाही म्हणतो, आणि त्याचे कारण आमच्या आवारातून जाणारी एक पायवाट.

ही वाट गावातून खाडीकडे जाते. इमारतीचा पाया खणला त्याच्या कितीतरी आधीची. सकाळी गावातल्या बायका टोपल्या घेऊन तिच्यावरून जातात. माझी आई मूळची संगमेश्वरची. सत्त्याहत्तर वर्षांची आहे. ती बाकावर बसून त्यांची वाट पाहते, मासळीचा भाव करते आणि भाव जमला नाही तरी सुखदुःखाच्या चार गोष्टी करून घेते. बाकी दिवसभर तिच्याशी बोलायला दूरदर्शन संच आहे.

गेल्या सभेत ठराव आला की सुरक्षिततेसाठी या वाटेला फाटक लावून कुलूप घालावे. “सर, मेंटेनन्स आपण भरतो,” एक सभासद म्हणाले. म्हणणे खोटे नव्हते. मागे दोन सायकली चोरीला गेल्या आहेत. पण फाटक लागले तर त्या बायकांनी डोक्यावर टोपली घेऊन हमरस्त्याने, मालमोटारींच्या कडेकडेने वळसा घालायचा. सायकलीसाठी पहारेकरी ठेवता येईल, असे मी सुचवले. त्याला दरमहा खर्च आहे, हे कुणीतरी लगेच दाखवून दिले.

बातमी गावात पोहोचायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी बसथांब्यावर गावातले एक म्हातारबुवा भेटले. “मास्तर,” ते म्हणाले, “तुम्ही आलात तेव्हा आम्ही कुठं फाटक लावलं होतं?” रागावून नव्हे, चौकशी करावी तसे. मी म्हटले, “बाबा, अजून लागलेलं नाही.” तेवढ्यात बस आली.

दिवाळीनंतरच्या सभेत तो विषय पुन्हा निघणार आहे. पहारेकऱ्याच्या खर्चातला माझा वाटा किती येतो तेवढे काढून मी चिटणिसांना लेखी कळवले आहे. आणखी सतरा बिऱ्हाडांनी सही केली तर बहुमत होते. आतापर्यंत अकरा झाल्या आहेत. फराळाच्या निमित्ताने उरलेल्यांकडे आईला घेऊन जाणार आहे.