गोल कुणाच्या खात्यात?

डिसेंबर २०२५ मधल्या एका रविवारी संध्याकाळी आमच्या घरात टीव्हीसमोरून उठायला कुणी तयार नव्हतं. मुंबईत वानखेडे स्टेडियमवर लिओनेल मेस्सी आला होता. नऊ वर्षांचा नातू अर्जेंटिनाची निळी-पांढरी जर्सी घालून जमिनीवर मांडी ठोकून बसला होता. मेस्सीने एका हसऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या माणसाला आपली जर्सी भेट दिली. नातवाने मान वळवून विचारलं, "आजोबा, हा कोण?" मी बोलण्याआधीच माझे चिरंजीव म्हणाले, "असेल कुणीतरी आयोजकांपैकी."

तो सुनील छेत्री होता. भारतासाठी ९५ आंतरराष्ट्रीय गोल केलेला माणूस. त्या दिवशीच्या जागतिक यादीत त्याच्या पुढे तिघेच होते : रोनाल्डो, मेस्सी आणि इराणचा अली दाई. आणि त्याला ती जर्सी मिळत होती तेव्हा तो ज्या लीगमध्ये खेळतो, ती आपली इंडियन सुपर लीग त्या हंगामासाठी सुरूसुद्धा झालेली नव्हती. हक्कांच्या कराराचा घोळ मिटत नव्हता. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्याच्या बंगळुरूच्या क्लबने खेळाडूंचे पगार थांबवल्याचं जाहीर केलं होतं. मेस्सीला बघायला हजारो रुपये मोजणारा देश आणि आपल्या सेंटर फॉरवर्डचा पगार थांबवणारा देश, हे दोन्ही देश एकच.

मी काही फुटबॉलचा जाणकार नव्हे. अडतीस वर्षं बँकेत काढली आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. पण जमा आणि नावे या दोन बाजू मला कळतात. म्हणून आज गोल करणाऱ्या माणसाच्या आयुष्याचा ताळेबंद मांडावासा वाटतो. त्यातली एक नोंद माझ्या हातची आहे आणि ती चुकलेली आहे.

आधी एक जुनी गोष्ट. १ डिसेंबर १९५६, मेलबर्न ऑलिंपिक. पहिल्या फेरीत भारताची गाठ हंगेरीशी होती. पण हंगेरीचा संघ आलाच नाही. त्या सालच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात बुडापेस्टमध्ये काय घडलं, ते सांगायला नको. भारत थेट पुढच्या फेरीत गेला आणि समोर आला यजमान ऑस्ट्रेलिया. भारताने ४-२ असा विजय मिळवला. चारपैकी तीन गोल एकट्याचे. त्याचं नाव नेव्हिल डिसोझा. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारा तो पहिला आशियाई.

हे घराणं मूळचं गोव्यातल्या बार्देशातल्या आसगावचं. नेव्हिल मुंबईत टाटांच्या संघातून खेळायचा. तेव्हा गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. जेमतेम सव्वा वर्षापूर्वी, ऑगस्ट १९५५ मध्ये, गोव्याच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या होत्या. आणि इकडे एक गोवेकर पोरगा भारताच्या जर्सीत ऑस्ट्रेलियाच्या जाळ्यात चेंडू मारत होता. मुक्तीच्या इतिहासात याची नोंद नसेल. मला मात्र ती मनाने करून ठेवावीशी वाटते.

उपांत्य सामना युगोस्लाव्हियाशी. याच युगोस्लाव्हियाने चार वर्षांपूर्वी हेलसिंकीत आपल्याला १०-१ असं धुतलं होतं आणि आपले बरेचसे खेळाडू त्या थंडीत अनवाणी खेळले होते. मेलबर्नला पायात बूट होते आणि प्रशिक्षक होते हैदराबादचे रहीमसाहेब. मध्यंतरानंतर पहिला गोल भारताचा आणि तोही नेव्हिलचाच. काही क्षण भारत ऑलिंपिकच्या अंतिम सामन्याच्या दारात उभा होता. मग युगोस्लाव्हियाने चार गोल चढवले. ब्राँझपदकाच्या सामन्यात बल्गेरियाने ३-० असं हरवलं. आपण चौथे आलो. त्यानंतर भारत ऑलिंपिक फुटबॉलमध्ये तिथवर पुन्हा कधी पोचला नाही. स्पर्धेत सर्वाधिक चार गोल करणाऱ्या तिघांत एक नेव्हिल होता, एक बल्गेरियाचा आणि एक युगोस्लाव्हियाचा.

पुढे काय झालं? अर्जुन पुरस्कार १९६१ साली सुरू झाले. फुटबॉलचा पहिला पुरस्कार त्याच मेलबर्नच्या संघातल्या पी. के. बॅनर्जींना मिळाला आणि तो योग्यच होता. नेव्हिलला तो कधीच मिळाला नाही. १९८० सालच्या मार्चमध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी तो गेला. २०२४ साली 'मैदान' चित्रपट आला तेव्हा लोकांना रहीमसाहेब ठाऊक झाले. नेव्हिल डिसोझा हे नाव मात्र मराठी घरांतून किती जणांना सांगता येईल? मी आमच्या सकाळी फिरणाऱ्या मंडळींत विचारून पाहिलं. आठांपैकी एकाला आलं, आणि तोही गोव्याचा जावई.

आता नेव्हिलसारख्यांचं पोट कशावर चालायचं, ते पाहा. आपल्याकडे 'व्यावसायिक फुटबॉलपटू' हा शब्द फार उशिरा आला. त्याआधी होती नोकरी. टाटा, मफतलाल, रेल्वे, एअर इंडिया, पोलीस आणि बँका. मुंबईच्या कूपरेजवर रोव्हर्स चषकाला या कंपन्यांचे संघ उतरायचे. १८९१ पासूनची ती स्पर्धा २००० सालच्या सुमारास बंद पडली. महिंद्रा युनायटेडसारखा जिंकणारा संघसुद्धा २०१० मध्ये मालकांनी बंद केला. खेळाडू हा कंपनीचा नोकर. हजेरीपटावर कारकून, मैदानावर फॉरवर्ड.

असा एक कारकून माझ्या हाताखाली होता. नाव लिहीत नाही, बँकेचंही नाही. कामठीचा मुलगा. कामठी म्हणजे १८२१ साली वसलेली छावणी. पलटणी गेल्या, पण फुटबॉल मागे ठेवून गेल्या. विडी कामगारांच्या आणि विणकरांच्या वस्त्यांत तो रुजला. तिथल्या रब्बानी क्लबचं नाव विदर्भातल्या जुन्या लोकांना सांगावं लागत नाही. हा मुलगा खेळाच्या कोट्यातून बँकेत लागला. नागपुरातल्या एका आंतरबँक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्याने दोन गोल केले. आम्ही सारी शाखा घसा सुकेपर्यंत ओरडलो. दुसऱ्या दिवशी शाखेत पेढे वाटले. चषक मॅनेजरसाहेबांच्या केबिनमधल्या काचेच्या कपाटात गेला. फोटोत साहेब मध्ये, मी डावीकडे आणि तो मागच्या रांगेत.

दोन वर्षांनी गुडघा गेला. त्या काळी गुडघा गेला म्हणजे गेलाच. त्याला सेव्हिंगच्या लेजरवर बसवलं. वर्षातले चार-पाच महिने सरावाला आणि स्पर्धांना जाणाऱ्या या माणसाला लेजर कुणी शिकवलंच नव्हतं. शिकवायची गरजच काय, गोल करतोय ना! बॅलन्सिंगला फरक यायचा. डिसेंबरच्या सहामाहीला व्याजाचे आकडे काढताना रात्रीचे अकरा वाजायचे आणि याच्या लेजरात सातशे बावीस रुपयांचा फरक. मी तेव्हा शाखेत अकाउंटंट होतो, वय बत्तीस, तोंड फटकळ. मी म्हणालो, "दोन पायांनी गोल होतात, एका डोक्याने बेरीज होत नाही?" तो खाली मान घालून म्हणाला, "शिकून राहिलो ना साहेब." नंतर त्याने पदोन्नतीसाठी अर्ज केला. त्यावर शाखेचा शेरा मागवला गेला. मॅनेजरसाहेबांनी मसुदा माझ्याकडे टाकला. मी लिहिलं, 'कामात रस नाही. तूर्त योग्य वाटत नाही.' साहेबांनी सही केली. पुढे तो परत अर्जच करेना. २००१ सालच्या स्वेच्छानिवृत्तीच्या लाटेत तो बाहेर पडला, कारकून म्हणूनच.

कुणी म्हणेल, ठेवीदारांच्या पैशांवर बँकेने खेळाडू का पोसावेत? लेजर न जमणाऱ्याला अधिकारी का करावं? प्रश्न रास्त आहे. ज्या मुलाने रात्री जागून परीक्षा दिली, त्याचाही त्या खुर्चीवर हक्क असतो. पण मग त्याला घेताना आपण कशासाठी घेतलं, याचा प्रामाणिक हिशेब हवा. आपण त्याचे पाय घेतले, त्याचं नाव घेतलं, चषक कपाटात ठेवला. त्याच्या वीस ते तीस या वर्षांत इतर मुलं जे शिकतात, ते त्याला शिकू दिलं नाही. आणि पाय थकल्यावर विचारलं, तुला येतं काय?

फॉरवर्डची कारकीर्द दहा-बारा वर्षांची. छेत्री चाळिशीनंतरही खेळला, तो अपवाद आहे. त्यालासुद्धा २०१८ च्या जूनमध्ये हात जोडून सांगावं लागलं होतं की, आम्हाला शिव्या द्या, पण मैदानावर या. त्याआधीच्या सामन्यात मुंबईत अंधेरीच्या मैदानावर त्याने हॅट्ट्रिक केली, तेव्हा प्रेक्षक होते अडीच हजारांच्या आसपास. त्या विनंतीनंतर पुढचा सामना भरगच्च झाला. ज्याचे गोल मेस्सीच्या पाठोपाठ मोजले जातात, त्याच्यावर ही पाळी. मग कामठीच्या, कोल्हापूरच्या, मडगावच्या पोरांचं काय?

नोकरीचा कोटा आटत चालला आहे आणि करार आले आहेत. करारात पैसा जास्त, पण पायाखाली जमीन नाही. बँकेतला माणूस म्हणून मला एक साधी गोष्ट सुचते. मजूर लावणाऱ्या कंत्राटदाराकडूनही आपण अनामत घेतो. तशी प्रत्येक क्लबकडून हंगामाआधी काही महिन्यांच्या पगाराची बँक गॅरंटी का घेऊ नये? खेळाडूच्या मोबदल्याचा काही हिस्सा भविष्यनिर्वाह निधीसारखा बाजूला पडून तिशीनंतरच हाती का येऊ नये? आणि ज्या संस्था आजही खेळाडू घेतात, त्यांनी खेळण्याच्या वर्षांतच त्याला कामही शिकवावं. आठवड्यातून दोन तास दिले तरी पुष्कळ झालं असतं. आमच्या शाखेने ते दिले असते, तर ते सातशे बावीस रुपये कधीच जुळले असते.

नागपूरला हे सांगायचा थोडा अधिकार आहे. इथेच २००१ साली हिस्लॉप कॉलेजमधले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन फुटबॉल सुरू केला. त्यातली मुलं बेघरांच्या विश्वचषकापर्यंत गेली. २०२२ मध्ये 'झुंड' चित्रपटाने ती गोष्ट देशभर नेली. बारसे सरांनी मुलांना विचारलं नाही की, तू किती गोल करशील. आधी मैदानावर ये, एवढंच म्हणाले. घरातल्या आईबापांनाही माझं एवढंच सांगणं आहे. चेंडू की पुस्तक, असा सवाल मुलासमोर टाकू नका. दोन्ही हातात राहू द्या. एक सुटलं तर दुसरं असतं.

मेस्सीच्या त्या रविवारनंतर मी कामठीला गेलो. तो आता साठीचा आहे. सकाळी पोरांना शिकवतो, पाय जरा ओढत चालतो. चहा घेताना मी त्याला त्या शेऱ्याबद्दल सांगितलं. तीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट होती. तो हसला.

"मालूम होतं साहेब. तुमचं अक्षर मला ओळखू येते." मग थोडा थांबून म्हणाला, "शेरा काही खोटा नव्हता. रस नव्हताच. फक्त एवढं वाटे, की फायनलला तुम्ही सगळ्यांत जोरात ओरडून राहिले होते."

मला उत्तर सुचलं नाही. मैदानावर पोरं जमली होती. तो उठला, शिटी गळ्यात घातली आणि निघाला. घरी आल्यावर नातवाला नेव्हिल डिसोझाची गोष्ट सांगितली. त्याने एकच प्रश्न विचारला : "आजोबा, मग त्याची जर्सी कुठे मिळते?"