गेलेल्या माणसाबद्दल बोलण्याआधी

एखादा नामवंत गेला की तासाभरात पत्रकारांचे फोन सुरू होतात. घरचे लोक फोन उचलण्याच्या अवस्थेत नसतात, म्हणून ते फोन इतरांकडे वळतात. सोसायटीचा वॉचमन, जुना ड्रायव्हर, मेकअपमन, शाळेतला वर्गमित्र, शेजारच्या काकू, रुग्णालयातली नर्स. ‘दोन मिनिटांचा बाईट द्या’, ‘फक्त एक फोनो’ (फोनवरची मुलाखत) अशी गळ घातली जाते. अशी वेळ तुमच्यावरही येऊ शकते. तेव्हा काय करायचं हे आजच, डोकं शांत असताना, ठरवून ठेवा.

सगळ्यात आधी एक लक्षात घ्या: पत्रकाराला उत्तर द्यायला तुम्ही बांधील नाही. मृत्यूचा तपास चालू असेल आणि पोलिसांनी विचारलं, तर त्यांना खरं सांगणं तुमचं कर्तव्य आहे. तपासाला उपयोगी पडेल असं काही ठाऊक असेल, तर ते पोलिसांनी विचारण्याची वाट न बघता त्यांच्याकडे जाऊन सांगा. वाहिनीचं तसं नाही. ‘तुम्ही गप्प राहिलात तर लोकांना संशय येईल’ असं कुणी म्हणालं, तरी दबू नका. ‘मला बोलायचं नाही’ हे पूर्ण उत्तर आहे. त्याचं कारणही द्यावं लागत नाही.

दुसरं, घाई करू नका. नोव्हेंबर २०२२मध्ये ज्येष्ठ अभिनेते विक्रम गोखले पुण्यात रुग्णालयात होते. २३ तारखेच्या रात्री त्यांच्या निधनाची बातमी पसरली आणि नामवंतांनी श्रद्धांजलीही वाहून टाकली. गोखले तेव्हा हयात होते. घरच्यांना ऐन काळजीच्या रात्री तसं जाहीर करावं लागलं. त्यांचं निधन झालं २६ नोव्हेंबरला. म्हणून घरच्यांनी किंवा रुग्णालयाने अधिकृतपणे सांगेपर्यंत ‘हो, मीही तसंच ऐकलं’ एवढंसुद्धा म्हणू नका. तुमचं ते अर्धं वाक्य ‘निकटवर्तीयांचा दुजोरा’ म्हणून चालवलं जाऊ शकतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. गेलेला माणूस खुलासा करू शकत नाही, आणि कायदाही त्याच्या बाजूने फार थोडा उभा राहतो. अभिनेता सुशांतसिंह राजपूत १४ जून २०२० रोजी वांद्र्याच्या राहत्या घरी मृतावस्थेत सापडला. त्यानंतर कित्येक महिने त्याचं आजारपण, त्याचे पैसे, त्याची नाती पडद्यावर चघळली गेली. ओझरती ओळख असलेलेही तज्ज्ञ असल्यासारखे बोलले. १८ जानेवारी २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने माध्यमांना बजावलं की आत्महत्येच्या प्रकरणात मृताला दुबळ्या मनाचा ठरवू नका, त्याच्या खासगी आयुष्यात घुसू नका, तपास चालू असताना साक्षीदारांच्या मुलाखती दाखवू नका. तोवर अनेक माणसांची नावं मातीमोल झाली होती. मार्च २०२५मध्ये सीबीआयने तपास बंद करण्याचा अहवाल न्यायालयात दिला, पण त्या महिन्यांत जे बोललं गेलं ते मागे घेता येत नाही.

सुशांतच्या वडिलांनी त्याच्यावर बेतलेल्या चित्रपटाविरुद्ध दाद मागितली, तेव्हा जुलै २०२३मध्ये दिल्ली उच्च न्यायालय म्हणालं की खासगीपणाचा त्याचा हक्क त्याच्याबरोबरच संपला, तो वारसाला मिळत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६खाली मृताची बदनामीही गुन्हा ठरू शकते, पण त्यासाठी कुटुंबीयांच्या भावना दुखावण्याचा हेतू असावा लागतो. म्हणजे मृताची अब्रू मुख्यतः त्याला ओळखणाऱ्यांच्या हाती उरते. ती तुमच्या हाती आहे हे ओळखून वागा.

मग काय सांगावं? स्वतः पाहिलेलं आणि स्वतःच्या वाट्याला आलेलं. ‘ते रोज पहाटे फिरायला जायचे’ हे वॉचमनने सांगावं. ‘त्या रात्री भांडणाचा आवाज आला, बहुधा पैशांवरून’ हे कॅमेऱ्यापुढे मुळीच नको. ते पोलिसांना सांगा, आणि तेही ‘बहुधा’ वगळून. कामाच्या नात्याने जे कळलं ते आपलं नाही. डॉक्टर, नर्स, वॉर्डबॉय, घरकाम करणाऱ्या मावशी, हिशेब पाहणारा माणूस, या सगळ्यांवर विश्वास टाकलेला असतो. रुग्णाचं गुपित त्याच्या मृत्यूनंतरही गुपितच असतं. रुग्णालयातला फोटो किंवा व्हिडिओ तर कुणालाच पाठवू नका, घरच्या ग्रुपवरही नाही.

आत्महत्या असेल तर आणखी जपा. कारण काय, कशी केली, चिठ्ठीत काय होतं, यातलं काहीच बोलू नका. भारतीय प्रेस परिषदेच्या २०१९च्या मार्गदर्शक सूचनाही वृत्तपत्रांना आत्महत्येच्या पद्धतीचं वर्णन करू नका असं सांगतात, कारण असे तपशील वाचून आधीच खचलेल्या माणसाचा तोल जाऊ शकतो. कोणत्याही एका माणसाकडे बोट दाखवू नका. बोलायचंच असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मदत क्रमांक सांगा.

गप्पच राहा, असं माझं म्हणणं नाही. निळू फुले जुलै २००९मध्ये गेले. पडद्यावर त्यांनी रंगवलेला खलनायक सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक होता. पण तरुणपणी पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करणारा, राष्ट्र सेवा दलात घडलेला, कार्यकर्त्यांच्या मानधनासाठी सामाजिक कृतज्ञता निधी उभा करायला झटणारा माणूस सगळ्यांपर्यंत पोचला, तो त्यांना ओळखणारे बोलले म्हणून. तुमच्याकडे अशी आठवण असेल तर ती जरूर सांगा. फक्त आधी घरच्यांना कळवा, आणि त्यांनी ‘आत्ता नको’ म्हटलं तर थांबा. चांगली आठवण महिन्याभराने सांगितली म्हणून शिळी होत नाही.

बोलायचं ठरलं, तर आधी तुम्ही प्रश्न विचारा. नाव काय, कुठली वाहिनी, लाइव्ह आहे की रेकॉर्ड, आणखी कोण बोलणार आहे? शक्य असेल तर चार ओळी लिहून द्या आणि त्याची प्रत स्वतःजवळ ठेवा. ‘ऑफ द रेकॉर्ड’ या शब्दावर विसंबू नका. जे छापून यायला नको ते उच्चारूच नका. पैसे देऊ केले तर फोन ठेवा. तुमचं बोलणं मोडतोड करून दाखवलं, तर वाहिनीकडे लेखी तक्रार करा. तिथे दाद मिळाली नाही आणि ती वाहिनी वृत्तवाहिन्यांच्या संघटनेची सदस्य असेल, तर त्या संघटनेच्या न्यूज ब्रॉडकास्टिंग अँड डिजिटल स्टँडर्ड्स अथॉरिटीकडे जा. वृत्तपत्राविरुद्धची तक्रार प्रेस परिषदेकडे न्या.

तोंड उघडण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारा: त्या माणसाची आई किंवा मुलगी समोर बसली असती, तर हेच वाक्य मी याच शब्दांत बोललो असतो का? उत्तर ‘हो’ असेल तर निर्धास्त बोला. जरा जरी अडखळलात, तर बोलू नका. आणि घरातल्या तरुण मुलांना, सोसायटीच्या वॉचमनला, कामाला येणाऱ्या मावशींनाही हे आजच सांगून ठेवा, कारण पहिला फोन बहुतेक वेळा त्यांनाच येतो.