चित्रातला पिरोजा : खरा की खोटा?



मध्यंतरी तास संपल्यावर एका विद्यार्थ्याने आपला मोबाइल माझ्यापुढे धरला. पडद्यावर चांदीच्या एका रुंद कड्याचे छायाचित्र होते. मधोमध आकाशी रंगाचा, काळ्या रेषांचे जाळे असलेला खडा होता. खाली मजकूर होता : ‘नवाहो कारागिराने घडविलेले, 1880 सालचे, अस्सल पिरोजा’. त्याची अमेरिकेतील आत्या ते कडे घरबसल्या मागविणार होती. “सर, तुम्ही पदार्थविज्ञान शिकवता. हे खरे की खोटे ते सांगा ना!”

मी म्हणालो, “चित्रावरून मला सांगता येणार नाही.” त्याचा चेहरा पडला. विज्ञान शिकविणाऱ्याला एवढेही सांगता येऊ नये, असे त्याला वाटले असावे. माझे मत मात्र असे, की त्या वेळी विज्ञानाला धरून देता येण्याजोगे ते एकच उत्तर होते. ते का, ते पाहू.

प्रथम हे नवाहो कोण? अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात अ‍ॅरिझोना, न्यू मेक्सिको आणि यूटा या राज्यांच्या सीमा जिथे मिळतात, त्या कोरड्या पठारावर राहणारे हे आदिवासी लोक. 1864 साली अमेरिकन लष्कराने त्यांना शेकडो मैल पायी चालवत दूरच्या छावणीत नेले. 1868 च्या तहानंतर ते आपल्या भूमीत परतले. अत्सिदी सानी हा त्यांच्यातला पहिला चांदी-कारागीर मानला जातो. एका मेक्सिकन लोहाराकडून तो धातुकाम शिकला. चांदीत पिरोजा बसविण्याची रीत त्यांच्यात सुमारे 1880 पासून रुजली. पिरोज्याला ते पवित्र मानतात. त्यांच्या चार पवित्र पर्वतांपैकी दक्षिणेचा पर्वत पिरोज्याचा समजतात.

आता त्या जाहिरातीकडे वळू. ती वाचताना एकच दावा वाटतो, पण त्यात चार वेगवेगळे दावे आहेत. खडा पिरोजा आहे. धातू चांदी आहे. वस्तू 1880 सालची आहे. आणि ती नवाहो माणसाने घडविली आहे. यांतला एक खरा ठरला म्हणून दुसरा खरा ठरत नाही.

खड्यापासून सुरुवात करू. पिरोजा म्हणजे तांबे आणि अ‍ॅल्युमिनियम यांचे जलयुक्त फॉस्फेट. त्याचा निळा रंग तांब्यामुळे येतो. प्रयोगशाळेतला मोरचूदही तांब्यामुळेच निळा असतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. पिरोज्यात लोहाचा अंश वाढला की रंग हिरवट होतो. आता हावलाइट किंवा मॅग्नेसाइट ही पांढरी, स्वस्त खनिजे घ्या. त्यांतही काळसर रेषा सापडतात. ती निळ्या रंगात बुडवली की झाला ‘पिरोजा’! डोळ्याला फसवणे एवढे सोपे आहे.

कॅमेरा तर डोळ्याहूनही भोळा. चित्राच्या प्रत्येक बिंदूपाशी तो लाल, हिरवा आणि निळा असे तीनच आकडे नोंदवतो. परंतु खड्यावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशात कितीतरी तरंगलांबी मिसळलेल्या असतात. दोन भिन्न पदार्थांचे वर्णपट वेगळे असूनही ते तीन आकडे सारखेच येऊ शकतात. त्यात खोलीतला दिवा पिवळा की पांढरा, पडदा कसा, चित्र नंतर कुणी किती उजळले, या गोष्टींची भर पडते. म्हणून चित्रातला निळा रंग हा तांब्याचा पुरावा नव्हे.

खडा हाती आला तर गोष्ट बदलते. समजा, एक सुटा मणी हवेत 5.50 ग्रॅम भरला आणि पाण्यात बुडवून टांगल्यावर 3.50 ग्रॅम. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार त्याचे सापेक्ष घनत्व 5.50 ÷ 2.00, म्हणजे 2.75. पिरोज्याचे घनत्व साधारणतः 2.6 ते 2.9 असते, प्लॅस्टिकचे मात्र 1 ते 1.5 च्या आसपास. म्हणजे हे प्लॅस्टिक खचित नव्हे. पण मग हा पिरोजाच का? थांबा! हावलाइटचे घनत्वही 2.5 ते 2.6 असते आणि काचही याच पट्ट्यात येऊ शकते. एका मापाने काही शक्यता बाद झाल्या, एवढेच. हावलाइटची कठिनता 3.5, पिरोज्याची 5 ते 6; पण दुसऱ्याच्या दागिन्यावर ओरखडा काढून पाहणे हा शहाणपणा नव्हे. तेथे वक्रीभवनांक, अवरक्त वर्णपट अशा वस्तूला इजा न करणाऱ्या चाचण्या लागतात. आणि खडा चांदीत बसविलेला असेल, तर घनत्वाची युक्तीही चालत नाही; कारण हाती येते ते चांदी आणि खडा यांचे मिश्र घनत्व.

आणखी एक बारकावा. पुष्कळसा पिरोजा सच्छिद्र आणि ठिसूळ असतो. तो टिकावा म्हणून त्यात राळेसारखे पदार्थ मुरवतात. असा खडा खोटा नव्हे, पण विकणाऱ्याने ते सांगितले पाहिजे.

धातूचे काय? सुरुवातीचे नवाहो कारागीर बहुधा नाणी वितळवून किंवा ठोकून दागिने करीत. त्या काळच्या अमेरिकन नाण्यांत हजारात 900 भाग चांदी असे. ‘स्टर्लिंग’ म्हणजे हजारात 925 भाग. हा ठसा नवाहो दागिन्यांवर सर्रास दिसू लागला तो विसाव्या शतकात. तेव्हा ‘1880’ म्हणून सांगितलेल्या कड्यावर स्टर्लिंगचा ठसा दिसला, तर संशय घ्यायला जागा आहे. पण उलट अनुमान काढू नका! ठसा नाही म्हणून वस्तू जुनी, असे सिद्ध होत नाही. ठसा न मारणे कुणालाही जमते.

काळवंडलेपणाचेही तसेच. उकडलेल्या अंड्याचे तुकडे आणि चांदीची एखादी जुनी, बिनमहत्त्वाची वस्तू घरच्यांना विचारून एका बंद बरणीत ठेवा. अंड्यातून निघणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडमुळे चांदीवर सल्फाइडचा काळा थर चढू लागेल. शंभर वर्षांचे रूप एका दिवसात! मग काळेपणाला वयाचा दाखला कसे मानायचे?

उरला शेवटचा प्रश्न : घडविले कुणी? येथे पदार्थविज्ञान जवळजवळ हात टेकते. क्ष-किरणांनी धातूतील मूलद्रव्ये मोजता येतील, पण अणूंवर कारागिराचे नाव लिहिलेले नसते. 1930 च्या दशकातील मंदीत न्यू मेक्सिकोतील सांतो डोमिंगो प्वेब्लोच्या कारागिरांनी बॅटऱ्यांची कवचे आणि ग्रामोफोनच्या तबकड्या कापून हार बनविले. सामग्री टाकाऊ, हार मात्र अस्सल त्यांचे! याउलट खरी चांदी आणि खरा पिरोजा वापरून परदेशातील कारखान्यात घडविलेले कडे नवाहो होत नाही. येथे पुरावा लागतो तो माणसांचा : कुणाकडून घेतले, कधी घेतले, पावती आहे का, जुन्या छायाचित्रात ते दिसते का.

तुम्ही म्हणाल, “कडे सुंदर आहे ना? मग कुणी घडविले याला काय महत्त्व?” सौंदर्यासाठी घेत असाल तर खुशाल घ्या. पण जाहिरातीत किंमत मागितली आहे ती नुसत्या सौंदर्याची नाही, नवाहो या नावाची. नकली माल त्या नावावर स्वस्तात विकला गेला, की दिवसभर भट्टीपुढे बसणाऱ्या कारागिराचे कडे महाग वाटू लागते आणि त्याच्या मुलांना हा धंदा नकोसा होतो. म्हणूनच अमेरिकेत 1990 साली कडक कायदा झाला. आदिवासींनी न घडविलेली वस्तू त्यांची म्हणून विकणाऱ्या व्यक्तीला पहिल्या गुन्ह्यासाठी अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आणि पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 2018 साली अल्बुकर्कमधील एका व्यापाऱ्याला फिलिपीन्समध्ये बनविलेले दागिने याच रीतीने विकल्याबद्दल सहा महिन्यांची शिक्षा झाली.

माझे सांगणे एवढेच, की ‘अस्सल’ हा शब्द उच्चारणाऱ्यानेच त्याचा पुरावा द्यावा. ते खोटे ठरविण्याची जबाबदारी गिऱ्हाइकाची नव्हे. एक विसंगत खूण दावा पाडू शकते. पण दहा सुसंगत खुणाही तो पुरता सिद्ध करीत नाहीत. शाळेत गृहीतक तपासताना तुम्ही हेच शिकता.

त्या विद्यार्थ्याला मी शेवटी चार प्रश्न लिहून दिले. कड्याच्या मागच्या बाजूचे चित्र आहे का? खडा नैसर्गिक की राळ मुरविलेला? वस्तू कुणाकडून आली? आणि स्वतंत्र तपासणीत दावा चुकला, तर पैसे परत मिळतील का? आत्याने ते विक्रेत्याला विचारले. पहिल्या प्रश्नाला मागच्या बाजूचे चित्र आले. त्यावर ‘स्टर्लिंग’चा ठसा स्पष्ट होता. उरलेल्या तिन्ही प्रश्नांना उत्तर आले नाही. आत्याने कडे घेतले नाही. ते खोटेच होते, असे मी आजही म्हणणार नाही. मात्र दाम मोजण्याइतका पुरावा नव्हता, हे नक्की.

‘मला ठाऊक नाही’ असे म्हणायला लाजू नका, मित्रांनो. त्यापुढे ‘पण कसे शोधायचे ते ठाऊक आहे’ एवढे जोडता आले, की झाले.