खर्रा की हवा? बल्लारपूरकरांच्या घशाला नेमका धोका कशाचा?

चंद्रपूर जिल्ह्यात कुणाला तोंडाचा किंवा घशाचा कॅन्सर झाल्याचं कळलं की चौकात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं, ‘खर्रा खात होता ना, मग होणारच.’ दुसरं, ‘खर्ऱ्याचं सोडा हो, इथली हवाच तशी आहे.’

पहिलं वाक्य ऐकून कारखानदार निश्चिंत होतात. दुसरं ऐकून खर्रा खाणारा पन्नी घोटायला मोकळा होतो. पण गेल्या काही वर्षांत जे संशोधन पुढे आलंय, त्यानुसार ही दोन्ही वाक्यं अर्धवट आहेत. ती कशी, ते बघूया.

संशोधन काय सांगतं?

हवेच्या प्रदूषणाने कॅन्सर होतो, ही गोष्ट नवी नाही. ऑक्टोबर २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने, म्हणजे ‘आयएआरसी’ने, बाहेरच्या हवेचं प्रदूषण थेट पहिल्या गटात टाकलं. पहिला गट म्हणजे माणसात कॅन्सर होतो याचा पुरेसा पुरावा असलेल्या गोष्टी. तंबाखू आणि सुपारी याच गटात आहेत. पण तेव्हा तो पक्का पुरावा फुप्फुसाच्या कॅन्सरपुरता होता.

मग प्रश्न असा आला की, जी हवा फुप्फुसापर्यंत पोचते ती नाक, तोंड आणि घशातूनच जाते. त्यांचं काय?

२०१८ मध्ये तैवानमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ४० वर्षांवरच्या ४,८२,६५९ पुरुषांची माहिती तपासली होती. त्यातल्या १,६१७ जणांना तोंडाचा कॅन्सर झाला होता. तैवानमध्ये सुपारी चघळण्याची सवय आपल्यासारखीच मोठी आहे. म्हणून संशोधकांनी वय, धूम्रपान आणि सुपारी यांचा परिणाम हिशेबातून वेगळा काढला. तरीही ज्यांच्या भागात पीएम २.५ चं प्रमाण ४०.३७ मायक्रोग्रॅमच्या वर होतं, त्यांच्यात तोंडाच्या कॅन्सरचा धोका २६.७४ च्या खाली असलेल्या भागातल्या लोकांपेक्षा सुमारे ४३ टक्के जास्त दिसला.

२०२४ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात अमेरिकेतला अभ्यास आला. वेन स्टेट, जॉन्स हॉपकिन्स यांसारख्या संस्थांच्या संशोधकांनी २००२ ते २०१२ या काळातली कॅन्सरची राष्ट्रीय नोंद आणि हवेची आकडेवारी शेजारी शेजारी ठेवली. पीएम २.५ जास्त असलेल्या भागात डोकं आणि मानेच्या कॅन्सरचं प्रमाणही जास्त निघालं. आणि हा संबंध सगळ्यात ठळक दिसला तो पाच वर्षांच्या अंतराने. म्हणजे आज घेतलेल्या श्वासाचा हिशेब उद्या नाही, काही वर्षांनी लागतो.

डोकं आणि मानेचा कॅन्सर म्हणजे?

नाव ऐकून मेंदूचा कॅन्सर वाटतो, पण तो यात येत नाही. ओठ, जीभ, गाल, हिरड्या, टाळू, घसा, स्वरयंत्र, नाकाची पोकळी आणि लाळग्रंथी या भागांतल्या कॅन्सरना मिळून हे नाव आहे. भारतात तो दुर्मीळ तर अजिबात नाही. ग्लोबोकॅनच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये देशात कॅन्सरचे सुमारे १४ लाख नवे रुग्ण आढळले, त्यातले जवळपास १ लाख ४४ हजार एकट्या ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे होते. भारतीय पुरुषांमध्ये हाच कॅन्सर पहिल्या क्रमांकावर आहे.

मग ४३ टक्के म्हणजे किती?

इथेच फॉरवर्ड मेसेज घोळ घालतात. ४३ टक्के जास्त धोका म्हणजे शंभरातल्या ४३ जणांना कॅन्सर होणार, असं नाही. समजा, एखाद्या भागात दर १० हजार माणसांमागे ३० जणांना हा आजार होतो. धोका ४३ टक्क्यांनी वाढला तर तिथे ४३ जणांना होईल, म्हणजे १३ जण वाढले. एका माणसासाठी ही वाढ छोटी वाटते, पण हवा सगळेच घेतात. तान्हं बाळ, शाळेतली पोरं, कधी सुपारीचं खांडही तोंडात न टाकलेली आजी, सगळेच. त्यामुळे पूर्ण जिल्ह्याचा हिशेब मांडला की हाच आकडा मोठा होतो.

दुसरी गोष्ट म्हणजे, हे अभ्यास संबंध दाखवतात. अमुक माणसाला अमुक धुरामुळेच कॅन्सर झाला, असं त्यावरून सिद्ध करता येत नाही. प्रत्येकाच्या नाकाला यंत्र लावलेलं नसतं, त्या भागातल्या हवेची सरासरी धरलेली असते.

बल्लारपूरचा यात संबंध काय?

डिसेंबर २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या ८८ औद्योगिक पट्ट्यांना गुण दिले. ज्याचे गुण जास्त, तो जास्त प्रदूषित. ४३ पट्टे ‘अतिप्रदूषित’ ठरले. त्यात ८३.८८ गुणांसह चंद्रपूर देशात चौथं होतं. पुढे २०१९ मध्ये राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम आला, तेव्हा हवेचे निकष न पाळणाऱ्या शहरांच्या यादीतही चंद्रपूर होतं. त्या यादीत बल्लारपूरचं नाव नाही. पण दोन्ही शहरांत अंतर जेमतेम १५ किलोमीटरचं आहे आणि धुरळ्याला नगरपरिषदेची हद्द कळत नाही.

या पट्ट्यात काय नाही? दुर्गापूरला २,९२० मेगावॅटचं महाऔष्णिक वीज केंद्र आहे. बल्लारपूर, राजुरा, घुग्घुसच्या बाजूला वेकोलिच्या कोळसा खाणी आहेत. गडचांदूर, आवारपूरकडे सिमेंटचे कारखाने आहेत. कोळशाचे ट्रक आहेत. आणि अजूनही काही घरांत, टपऱ्यांत पेटणारी कोळशाची सिगडी आहे.

बल्लारपूरची ओळख असलेली पेपर मिल १९४५ ची. मिल म्हटलं की लोकांना आधी वास आठवतो. लाकडाचा लगदा शिजवताना गंधकाची संयुगं तयार होतात, त्यांचा वास सडलेल्या कोबीसारखा येतो. ही संयुगं अगदी थोडी असली तरी नाकाला कळतात. पीएम २.५ चं उलटं आहे. केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाएवढा हा कण डोळ्याला दिसत नाही आणि नाकालाही कळत नाही. म्हणून ‘आज वास नाही, हवा चांगली आहे’ हा अंदाज फसवा ठरतो.

आणखी एक गोष्ट इथे फार बोलली जात नाही. लाकडाचा भुसा आणि धूळसुद्धा आयएआरसीच्या पहिल्या गटात आहे. तिचा संबंध नाकाच्या पोकळीच्या कॅन्सरशी पक्का मानला जातो. सागवानाचा डेपो, आरा मशीन आणि फर्निचरची कामं असलेल्या शहरात मास्क न लावता दिवसभर रंधा मारणाऱ्या कामगारासाठी ही महत्त्वाची माहिती आहे.

म्हणजे खर्रा सुटला?

अजिबात नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून तयार होणारा खर्रा हाच इथल्या तोंडाच्या कॅन्सरमागचा सगळ्यात मोठा संशयित आहे. तंबाखूशिवायची नुसती सुपारीसुद्धा पहिल्या गटातच आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू खाणारे निघाले, म्हणजे जवळपास चौघांत एक. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण पानठेल्यावर खर्रा घोटला जातोच. शेजारच्या गडचिरोलीत दारू आणि तंबाखू कमी करण्यासाठी ‘मुक्तिपथ’सारखं अभियान उभं करावं लागलं, ते यामुळेच.

तंबाखूने वाढणारा धोका हवेने वाढणाऱ्या धोक्याच्या कितीतरी पट आहे. फरक एवढाच की खर्रा सोडणं माणसाच्या हातात आहे, श्वास सोडणं नाही. त्यामुळे ‘खर्रा की हवा’ हा प्रश्नच चुकीचा आहे. खर्ऱ्याने आधीच जखमी केलेल्या तोंडातून हीच हवा आत जाते. एकाचा दोष दाखवून दुसरा माफ होत नाही.

सरकारी मर्यादा पाळली तर पुरे?

भारतात पीएम २.५ ची वार्षिक मर्यादा ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ५ ची शिफारस केली. आता तैवानचा आकडा आठवा. तिथे सगळ्यात वाईट हवेचा गट जिथून सुरू होतो, साधारण तिथे आपली कायदेशीर मर्यादा संपते.

वीज केंद्रांच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड हवेत जाऊन पुन्हा बारीक कणच तयार करतो. तो रोखणारी यंत्रणा बसवायचा नियम डिसेंबर २०१५ मध्ये आला. मुदत वारंवार वाढली. जुलै २०२५ मध्ये केंद्राने देशातल्या बहुतेक वीज केंद्रांना यातून सूट दिली. अतिप्रदूषित पट्टा किंवा निकष न पाळणाऱ्या शहराच्या १० किलोमीटरच्या आत असलेली केंद्रं ‘ब’ वर्गात ठेवली. त्यांचा निर्णय एकेक प्रकरण तपासून होणार आणि मुदत डिसेंबर २०२८ ची. चंद्रपूरचं वीज केंद्र याच निकषात बसतं. म्हणून हा निर्णय काय होतो, यावर जिल्ह्याचं लक्ष असायला हवं.

तोवर काय करायचं?

तोंडातली जखम किंवा पांढरा-लाल चट्टा दोन-तीन आठवड्यांत गेला नाही, तोंड पूर्वीइतकं उघडत नाही, आवाज तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसलाय, गिळताना त्रास होतो, मानेत गाठ लागते, एकाच नाकपुडीतून वारंवार रक्त येतं, यातलं काहीही असेल तर दाताच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवायला हवं. ‘मी खर्रा खात नाही, मला कशाला होईल’ म्हणून थांबू नये. तिशीनंतर सरकारी आरोग्य केंद्रांत तोंडाच्या कॅन्सरची तपासणी होते आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या उपचारांचा समावेश आहे. लवकर सापडलेला तोंडाचा कॅन्सर बरा होण्याची शक्यता कितीतरी जास्त असते.

आणि रुग्णाचा केसपेपर लिहिताना ‘तंबाखू खाता का?’ याच्यासोबत ‘राहता कुठे आणि काम काय करता?’ हेही नोंदवलं गेलं पाहिजे. ती नोंद नसेल, तर चौकातली ती दोन वाक्यं आणखी वीस वर्षं तशीच चालू राहतील आणि दोन्ही बाजूंना आपलंच खरं वाटत राहील.