यादीतलं नाव आणि नावामागची मतं

गेल्या ईदला श्रीरामपूरला घरी गेलो होतो. शीरखुर्मा झाला, पाहुणे पांगले आणि आम्ही भावंडं गप्पा मारत बसलो. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेला माझा चुलतभाऊ मध्येच म्हणाला, "भाई, विधानसभेत आपला कोण आहे?" मी आमच्या मतदारसंघाच्या आमदारांचं नाव सांगितलं. तो हसला. "ते नाही विचारलं. आपला कोण?"

त्याचा प्रश्न पोकळ नाही. २०२४ मध्ये महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागांवर १० मुस्लिम आमदार निवडून आले. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात आपण सुमारे साडेअकरा टक्के. त्या हिशेबाने ३३ च्या आसपास व्हायला हवेत. अकोल्यापासून कर्जत-जामखेडपर्यंत अहिल्यानगर जिल्ह्याच्या १२ जागा आहेत, त्यांत एकही मुस्लिम नाव नाही. श्रीरामपूर तर २००९ पासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. शहरात मुस्लिम वस्ती मोठी असली तरी आपल्यातल्या कुणाला तिथे अर्जच भरता येत नाही. मुस्लिम वस्ती जास्त असलेले मतदारसंघ राखीव होण्याचा हा प्रश्न सच्चर समितीनेही २००६ च्या अहवालात मांडला होता.

त्या रात्री मी सवयीने लॅपटॉप उघडला आणि एक जुनी यादी एक्सेलमध्ये टाकली. मुंबई प्रांतातून भारताच्या संविधान सभेवर निवडून गेलेल्या सदस्यांची. आपली मोजणी सुरू कुठून झाली, ते मला पाहायचं होतं.

या यादीशी आपल्या जिल्ह्याचं नातं जवळचं आहे. १९४२ च्या ऑगस्टमध्ये काँग्रेस कार्यकारिणीच्या सदस्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात आणून ठेवलं. त्यांतले नेहरू, पटेल, मौलाना आझाद, गोविंद वल्लभ पंत, शंकरराव देव पुढे संविधान सभेत बसले. पटेल आणि देव तर मुंबई प्रांतातूनच निवडून गेले. किल्ल्यात असताना आझादांच्या पत्नीचं कलकत्त्यात निधन झालं. सुटकेनंतर वर्षभराच्या आत तेच आझाद काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून कॅबिनेट मिशनसमोर वाटाघाटींना बसले होते. त्या वाटाघाटींनंतर मिशनने जी योजना मांडली, तिच्यातून संविधान सभा आली.

निवडणूक झाली १९४६ च्या जुलैमध्ये. मतदान थेट लोकांचं नव्हतं. प्रांतिक विधानसभांचे सदस्य मत देणार होते. त्यांनाही मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटींत बसणाऱ्या थोड्या मतदारांनी निवडलेलं होतं. सुमारे १० लाख लोकसंख्येमागे एक जागा, आणि जागा सर्वसाधारण, मुस्लिम व शीख अशा वाटलेल्या. मुंबई प्रांताच्या वाट्याला २१ आल्या. १९ सर्वसाधारण, २ मुस्लिम. मुंबई विधानसभेचे अध्यक्ष तेव्हा आपल्या नगरचेच कुंदनमल फिरोदिया होते.

आता या आकड्यांच्या आत डोकावू. विधानसभेत १७५ जागा होत्या, त्यांतल्या ३० मुस्लिमांच्या. विभक्त मतदारसंघात त्या सगळ्या मुस्लिम लीगने जिंकलेल्या होत्या. संविधान सभेच्या २ मुस्लिम जागा फक्त मुस्लिम आमदारांनी भरायच्या आणि उरलेल्या १९ बाकीच्यांनी. म्हणजे त्या १९ जणांना एकाही मुस्लिमाचं मत मागावं लागलं नाही, आणि त्या दोघांनाही मुस्लिमेतराच्या दारात जावं लागलं नाही. प्रमाण कागदावर बरोबर होतं. पण सभागृहातल्या बहुतेकांना आपली गरजच नव्हती.

मला वाटतं, "आपला कोण" या प्रश्नाचं सगळ्यात जुनं उत्तर इथे आहे. आपल्यासाठी ठेवलेल्या दोन खुर्च्या आपल्याला मिळाल्या, पण उरलेल्या एकोणीस खुर्च्यांवरचा आपला दावा त्याच वेळी सुटला.

फाळणीनंतर हा प्रश्न संविधान सभेतच वादाला आला. १९४७ मध्ये विभक्त मतदारसंघ रद्द करून राखीव जागा ठेवायचं ठरलं. १९४९ च्या मे महिन्यात धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागाही गेल्या. त्या वेळी मुस्लिम सदस्य एका सुरात बोलत नव्हते. मद्रासचे मोहम्मद इस्माईल विभक्त मतदारसंघ टिकावेत म्हणून भांडत होते. संयुक्त प्रांतातल्या बेगम एजाज रसूल, सभेतल्या एकमेव मुस्लिम महिला, राखीव जागांनी समाज कायमचा वेगळा पडेल असं बजावत होत्या. दोघांनाही समाजाची काळजी होती. "मुसलमान एकगठ्ठा विचार करतात" असं म्हणणाऱ्यांनी ही चर्चा जरूर वाचावी. आपणही वाचावी.

याच मुंबईच्या यादीत आणखी एक नाव आहे, बाबासाहेब आंबेडकरांचं. १९४६ मध्ये मुंबई विधानसभेत त्यांच्या शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनकडे पुरेशी मतं नव्हती, म्हणून ते बंगालमधून निवडून गेले. तिथे जोगेंद्रनाथ मंडल त्यांच्या पाठीशी उभे राहिले. फाळणीत ती जागा गेली. मग जुलै १९४७ मध्ये मुकुंदराव जयकरांच्या रिकाम्या जागेवर मुंबई विधानसभेने त्यांना निवडून पाठवलं, ज्या काँग्रेसशी ते वर्षानुवर्षं झगडले होते तिच्या मतांवर. मसुदा समितीचा अध्यक्ष सभागृहात आला तो केवळ आपल्या माणसांच्या मतांवर आला नाही. म्हणून श्रीरामपूरच्या राखीव जागेचा राग आपण शेजारच्या दलित वस्तीवर काढता कामा नये. मतदारसंघांची आखणी तपासा, ही मागणी वेगळी. ती जरूर करावी.

याचा अर्थ सगळं आलबेल आहे, असं मी म्हणत नाही. १९४९ मध्ये आपण राखीव जागा सोडल्या त्या बहुसंख्याकांवर भरवसा ठेवून. २८८ पैकी १० हा आकडा सांगतो की तो भरवसा पुरता पाळला गेला नाही. मतं मागायला येणारे पक्ष तिकीट वाटताना आपल्याला विसरतात. त्यांना हे तोंडावर विचारायलाच हवं. पण कागलकडेही पाहा. तिथे मुस्लिम मतं थोडी, तरी हसन मुश्रीफ १९९९ पासून सलग सहा वेळा निवडून आले आहेत. त्यांचं राजकारण पटो न पटो, संयुक्त मतदारसंघातून मुस्लिम नाव येऊ शकतं याचा तो पुरावा आहे. ते नाव शेतकऱ्याच्या, गिरणीवाल्याच्या, प्रत्येक जातीच्या दारात जाऊन उभं राहतं तेव्हा येतं.

मग आज आपण काय करायचं? माझ्या मते कामं तीन.

पहिलं, मतदार यादी. २०२४ ला माझ्या अम्मीचं नाव ऐनवेळी यादीत सापडेना. आडनाव चुकीचं टाइप झालं होतं. मी रोज डेटाबेससोबत काम करतो, त्यामुळे मला माहीत आहे: जिची नोंद नाही ती व्यक्ती सिस्टिमसाठी नसतेच. नवीन नावासाठी नमुना ६, दुरुस्ती किंवा पत्ता बदलण्यासाठी नमुना ८. निवडणूक जाहीर व्हायची वाट पाहू नका. मालेगाव मध्यचा निकाल २०२४ मध्ये अवघ्या १६२ मतांनी लागला. एवढी मतं एका गल्लीत असतात.

दुसरं, जो आमदार आहे तो आपलाच आहे असं धरून त्याला कामाला लावा. उर्दू शाळेतली रिकामी पदं, वसतिगृह, शिष्यवृत्ती, मोहल्ल्यातलं गटार, यांवर तारांकित प्रश्न विचारण्याची लेखी विनंती करा. पोच घ्या. सभागृहात काय झालं ते तपासा. आणि या अर्जावर शेजारच्या वस्तीच्या सह्याही घ्या, कारण गटार दोघांचं एकच असतं.

तिसरं, खालून सुरुवात. ग्रामपंचायत, नगरपरिषद, पंचायत समिती. ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा व्हावी लागते, तिथे उभं राहून बोलायला तिकीट लागत नाही. आपल्या मुलींनीही तिथे बोलावं. पुढच्या यादीतली नावं तिथूनच तयार होतील.

हे सगळं मी त्या दिवशी चुलतभावाला सांगितलं. त्याला सगळं पटलं नाही. "भाई, ते त्यांचं काम आहे, आपण का करायचं?" म्हणाला. मीही फार ताणलं नाही. पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. तो आणि त्याचे तीन मित्र आमच्या गल्लीची मतदार यादी घेऊन घरोघर फिरले होते. अकरा जणांची नावं नव्हती. त्यांतली चार घरं मुसलमानांची नव्हती, तरी त्यांचेही फॉर्म त्याने भरून घेतले होते.

"आपला कोण?" हे त्याने त्या फोनवर पुन्हा विचारलं नाही. दोस्तांनो, तुमच्या गल्लीत किती नावं नाहीत, ते या आठवड्यात पाहा.