भिंतीवरचा फार्मासिस्ट

बारावीचे निकाल लागले की आमच्या घरचा फोन वाजायला लागतो. यावल, फैजपूर, सावदा, चोपडा, कुठून कुठून नातेवाईक विचारतात, "भाऊ, पोराला डी.फार्म.ला टाकू का?" आनंद वाटतो. पण पुढचं वाक्य ठरलेलं असतं. "नाहीच काही जमलं तर सर्टिफिकेट भाड्याने देऊन टाकू. घरबसल्या पैसे!"

ह्या "घरबसल्या पैसे"वर आज लिहायचंय. नातेवाईक मंडळी हा ब्लॉग वाचतात हे माहीत आहे, म्हणून तर लिहितोय. राग आला तर खुशाल फोन करा, मात्र दुकान बंद झाल्यावर.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्या ब्लॉगर मित्रांसाठी थोडक्यात सांगतो. मेडिकल टाकायचं तर रजिस्टर्ड फार्मासिस्ट लागतो. दुकानदाराकडे डिग्री-डिप्लोमा नसतो. मग तो दुसऱ्याचं सर्टिफिकेट आणतो, फ्रेम करून भिंतीवर लावतो आणि महिन्याला काही रक्कम पोहोचवतो. सर्टिफिकेटवाला शेतात, पुण्यात कंपनीत किंवा थेट स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये. काउंटरवर कोण? जो असेल तो.

मी २००६ मध्ये डिप्लोमा करून बाहेर पडलो तेव्हा मलाही असं 'स्थळ' सांगून आलं होतं. "तुम्ही यायचं कामच नाही, फक्त सह्या करायच्या." मी नाही म्हटलं आणि जळगावात एका दुकानात साडेतीन हजारांवर उभा राहिलो. लोक हसले. हसू देत.

आता कायदा. १९४८ चा फार्मसी कायदा सांगतो की डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध रजिस्टर्ड फार्मासिस्टनेच द्यायचं. औषध नियमांमधला नियम ६५ म्हणतो, त्याच्या स्वतःच्या देखरेखीखाली. फ्रेमच्या देखरेखीखाली नव्हे! २०१५ च्या नियमांत तर पांढरा कोट आणि त्यावर नाव व रजिस्ट्रेशन नंबरचा बिल्लासुद्धा सांगितलाय. आपल्या जिल्ह्यात असा बिल्ला तुम्ही शेवटचा कधी पाहिलात, आठवून बघा.

"पण काउंटरवरचा पोरगा वीस वर्षं काम करतोय, त्याला सगळं येतं." हा दुसरा आवडता युक्तिवाद. त्या पोराबद्दल मला आदर आहे. कुठलं खोकं कुठल्या कप्प्यात हे तो माझ्यापेक्षा लवकर सांगेल. खोक्याच्या आत काय आहे, हे त्याला कोणी शिकवलेलंच नाही.

आमवातावर मेथोट्रेक्सेट देतात. ही गोळी आठवड्यातून एकदा घ्यायची. चुकून रोज घेतली तर तोंड सोलून निघतं, रक्तातल्या पेशी उतरतात, माणूस जाऊ शकतो. निमेसुलाइड बारा वर्षांखालच्या मुलांना द्यायला २०११ पासून बंदी आहे. सर्दीच्या एका नेहमीच्या मिश्रणाबद्दल (क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन) डिसेंबर २०२३ मध्ये आदेश निघाला की चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं बाटलीवर छापा. छापलं. पण बाटलीवरची अक्षरं मुंगीएवढी, आणि सातपुड्याच्या पाड्यावरून कडेवर लेकरू घेऊन आलेली बाई "भाऊ, सर्दीचं औषध द्या" एवढंच म्हणते. तिला ते वाचून कोण दाखवणार? फ्रेम?

अगदी साधी गोष्ट घ्या, ओआरएस. मोठं पाकीट एक लिटर पाण्यात कालवायचं असतं. लोक ग्लासभर पाण्यात कालवून जुलाब झालेल्या पोराला पाजतात. इन्सुलिन दोन ते आठ अंशांत ठेवायचं असतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला जातो. केळीच्या बागेत घड वाहणारा मजूर रोज संध्याकाळी "अंगदुखीची पांढरी गोयी" मागतो. त्याला दोन मिनिटं थांबवून "दादा, रोज घेतलीस तर किडनी जाईल" हे सांगणं म्हणजेच माझा धंदा. गोळ्या मोजून द्यायला दोन वर्षं कॉलेज आणि वर ५०० तासांचं ट्रेनिंग कशाला लागतं?

आता खरा मुद्दा, पगाराचा. "बारा तास उभं राहून मिळतं काय? भाडंही जवळपास तेवढंच येतं." मान्य. फार्मासिस्टचा पगार लाजिरवाणा आहे. पण तो तसा का आहे? ज्याला सर्टिफिकेट स्वस्तात मिळतं, तो उभ्या माणसाला जास्त पैसे का देईल? प्रत्येक भाड्याची फ्रेम एका खऱ्या फार्मासिस्टची नोकरी खाते आणि उरलेल्यांचा पगार पाडते. आपणच आपला भाव पाडायचा आणि आपणच रडायचं!

महेश झगडे एफडीएचे आयुक्त होते तेव्हा, २०१२-१३ च्या सुमारास, फार्मासिस्ट नसलेल्या दुकानांवर कारवाया झाल्या. दुकानदारांच्या संघटनांनी त्याविरुद्ध बंदची भाषा केली. पुढे २८ सप्टेंबर २०१८ ला ऑनलाइन औषधविक्रीविरुद्ध देशभर दुकानं बंद राहिली. तेव्हा सांगितलं काय, तर रुग्णाची सुरक्षा! अहो, तुमच्याच काउंटरवर फार्मासिस्ट नसेल तर मोबाइलवरच्या अॅपमध्ये आणि तुमच्यात फरक तो काय? अॅपवाला निदान घरी आणून तरी देतो.

हे सगळं आज लिहायचं कारण घरातलंच आहे. आमची भाची यंदा डिप्लोमा झाली. एक दुकानदार घरी येऊन रक्कमसुद्धा सांगून गेला. "मुलगी आहे, लग्न होऊन जाईल, तोवर सर्टिफिकेट लावून ठेवू," असं घरात चाललंय.

ताई, दाजी, मोकळेपणाने सांगतो. शेड्यूल एच-वनची औषधं विकली की रजिस्टरमध्ये डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव लिहावं लागतं. मार्च २०१४ पासून हा नियम आहे, आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं असतं. त्या दुकानात जे काही विकलं जाईल त्याची जबाबदारी तिच्या नावावर येईल. तिने न पाहिलेल्या पेशंटला, तिने न दिलेलं औषध. उद्या काही बरंवाईट झालं तर दुकानदार हात वर करेल आणि कौन्सिलच्या रजिस्टरमधून नाव कटेल ते पोरीचं. लग्नाचं म्हणाल, तर सासर भुसावळला असो की सुरतेला, मेडिकल कुठे नाही? ज्या कामाला गावोगाव जागा आहे ते काम तिच्या हातून काढून भिंतीला का देता?

तिला विचारलंत का, तिला काय हवंय? मी विचारलं. ती म्हणाली, "मामा, मला काउंटरवर उभं राहायचंय."

सोमवारपासून पाठवा. पगार फार नाही देऊ शकणार, पण कोट आणि बिल्ला माझ्याकडून.