संतपटांची पुनरावृत्ती आणि मूळची गोडी

आषाढी एकादशीचा दिवस भाविक घरांत कसा जातो, हे वाचकांस सांगावयास नको. पहाटे स्नान, तुळशीस पाणी, देवदर्शन, दुपारी भगर आणि शेंगदाण्याची आमटी. आणि फराळाची भांडी आवरली की घरातील लहानथोर मंडळी एखादा संतपट पाहावयास बसतात. कधीकाळी हे चित्रपट यात्रेतल्या तंबूत पाहिले जात. पुढे दूरचित्रवाणीने ते माजघरात आणले, आणि सांप्रत ते नातवाच्या मुठीतील मोबाईलवर आले आहेत. ख्रिस्ती जगतात नाताळच्या सणाला असेच घडते. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या दुकानात सांताक्लॉजचे काम करणारा वृद्ध खराच सांताक्लॉज आहे की काय, या कथेवरील ‘मिरॅकल ऑन थर्टीफोर्थ स्ट्रीट’ हा १९४७ सालचा चित्रपट तेथील कुटुंबे नाताळात एकत्र बसून पाहत आली. १९९४ साली तो नव्याने काढण्यात आला, आणि नव्यात जुन्याची गोडी उतरली काय, हा प्रश्न तेथेही उभा राहिला. आमच्या घरांतही तोच प्रश्न आहे. चित्रपटांची नावे तेवढी निराळी.

आजोबा म्हणतात, ‘तुकाराम’ पाहावा तर प्रभातचाच. नातू म्हणतो, त्यात रंग नाहीत, आवाज खरखरतो, आम्ही नवा पाहू. हा वाद वरवर क्षुल्लक दिसतो. तो क्षुल्लक नाही असे आम्हांस वाटते. पूर्वी मुलाच्या मनातील ज्ञानोबा-तुकोबांची पहिली मूर्ती आजीच्या गोष्टीतून वा देवळातील कीर्तनातून घडत असे. आज बहुतेक घरांत ती पडद्यावरून घडते, आणि पहिली मूर्ती सहसा पुसली जात नाही. म्हणून ती कोणाच्या हातून घडते, याचा विचार भाविकांनी केला पाहिजे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. सांगितलेली कथा पुन्हा सांगणे हा दोष नव्हे. तसे असते तर आम्हां कीर्तनकारांस पोट भरणे कठीण झाले असते. हरिश्चंद्राचे आख्यान श्रोत्यांस तोंडपाठ असते. रोहिदासाचे पुढे काय होणार, हे पहिल्या रांगेतल्या आजीबाईंस आमच्याआधी ठाऊक असते. तरीही तारामती स्मशानात येते तेव्हा पदर डोळ्यांस लागतोच. मोरोपंतांनी तर अष्टोत्तरशत रामायणे रचली. त्यांत ओठ न मिळवता उच्चारावयाचे निरोष्ठ रामायणही आहे. आमच्या जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर, नेवाशास पैसाच्या खांबाशी टेकून शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वर महाराजांनी जे सांगितले ते तरी काय होते? कुरुक्षेत्रावरील संवादच त्यांनी मराठीत पुन्हा सांगितला. तो केवळ अनुवाद आहे असे म्हणण्यास मात्र कोणाची जीभ रेटणार नाही.

चित्रपटांचेही असेच आहे. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढला आणि १९१७ साली त्यांनी स्वतःच तो पुन्हा काढला. १९३२ साली प्रभातने तीच कथा ‘अयोध्येचा राजा’ या नावाने बोलपटात आणली. प्रभातचा पहिला मूकपट १९२९ सालचा ‘गोपाळकृष्ण’; तोच विषय त्याच कंपनीने १९३८ साली बोलपट म्हणून पुन्हा घेतला. ज्या ‘संत तुकाराम’ला आपण मूळ म्हणतो, त्याच्याही आधी मूकपटांच्या काळात तुकोबांच्या चरित्रावर चित्रपट निघून गेले होते. तात्पर्य, मूळ हे बहुधा सर्वांत आधीचे नसते. मनात ठसलेले असते.

मग नवे कोणते स्वीकारावे आणि कोणते नाकारावे? याचे उत्तर नवव्या शतकातील काश्मीरच्या आनंदवर्धनाचार्यांनी देऊन ठेवले आहे. ‘ध्वन्यालोका’च्या चौथ्या उद्द्योतात ते दोन कवींच्या कृतींत आढळणाऱ्या साम्याचा विचार करतात, आणि त्याचे तीन प्रकार सांगतात. पहिले साम्य आरशातील प्रतिबिंबासारखे. त्यास स्वतःचा आत्मा नसतो. दुसरे चित्रासारखे, त्यास आत्मा असलाच तर तुच्छ. तिसरे मात्र दोन देहधारी माणसांत असावे तसे. भाऊ भावासारखा दिसतो, परंतु दोघांचे प्राण वेगवेगळे. आचार्य म्हणतात, पहिली दोन टाकावीत. तिसरे टाकण्याचे कारण नाही. जुनाच अर्थ रसाच्या स्पर्शाने वसंतातील वृक्षासारखा नवा भासतो, हेही त्यांनी तेथेच सांगितले आहे. अकराशे वर्षांपूर्वीचे हे माप आजच्या चित्रपटांस लावून पाहण्यासारखे आहे.

प्रतिबिंबाची उदाहरणे शोधावयास लांब जावे लागत नाही. विजय भट्ट यांचा १९४३ सालचा ‘रामराज्य’ देशभर गाजला. त्याच दिग्दर्शकाने १९६७ साली तो रंगांत पुन्हा काढला. कथा तीच, हातही तोच, परंतु पहिल्याची कीर्ती दुसऱ्यास लाभली नाही. रामानंद सागर यांची ‘रामायण’ मालिका १९८७ साली सुरू झाली, आणि रविवारी सकाळी रस्ते ओस पडू लागले. २००८ साली त्यांच्याच संस्थेने ती नव्या साधनांनी पुन्हा केली. तथापि २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने पुन्हा दाखविण्यास काढली ती जुनीच, आणि घरोघरी तीन पिढ्या तिच्यासमोर बसल्या.

चित्रासारखे साम्य म्हणजे बाह्य थाट मोठा आणि आत पोकळ. २०२३ सालचा ‘आदिपुरुष’ आठवावा. संगणकाच्या साहाय्याने लंका उभी केली, परंतु हनुमंताच्या मुखी रस्त्यावरची भाषा घातली. लोकांचा संताप इतका झाला की चित्रपट प्रदर्शित झाल्यावर संवाद बदलावे लागले. पैसा कमी पडला नव्हता. ज्याची कथा सांगावयाची त्याच्याविषयीचा आदर कमी पडला, असे आमचे मत आहे.

आता ज्या चित्रपटामुळे हा वाद होतो त्याकडे वळू. दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला ‘संत तुकाराम’ १९३६ साली प्रदर्शित झाला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्यात विष्णुपंत पागनीस तुकोबा झाले. हे गृहस्थ रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे नट. परंतु भजन म्हणताना ते प्रेक्षकांकडे पाहत नाहीत, विठ्ठलाकडे पाहतात. गौरीबाईंची जिजाई विठ्ठलास शिव्या घालते आणि तिचे बोलणे कोणासही अधर्म वाटत नाही; कारण चूल पेटविण्याची काळजी तिला आहे, देवाला नाही, हे आपणांस दिसत असते. शेवटी तुकोबा विमानात बसून वैकुंठास जातात आणि जिजाई भूमीवर राहते. परमार्थाची थोरवी आणि प्रपंचाचे दुःख या दोहोंस त्या चित्रपटाने एकाच वेळी न्याय दिला. शांताराम आठवले यांनी त्यासाठी रचलेले एक पद तर लोक तुकोबांच्याच गाथेतले समजून चालले. अनुकरणाने असे होत नाही. कवी स्वतः त्या भावात शिरल्याशिवाय शब्दांस ते वळण येत नाही.

१९४० सालच्या प्रभातच्या ‘संत ज्ञानेश्वर’ची गोष्टही आमच्या जिल्ह्यास अभिमानाची आहे. त्यात ज्ञानेश्वर झालेले शाहू मोडक हे नगरचे, आणि ख्रिस्ती घराण्यातले. त्यांनी पडद्यावर श्रीकृष्णही अनेकदा साकारला, आणि भाविकांनी त्यांच्यात कृष्ण पाहिला. ‘तुकाराम’चे एक दिग्दर्शक शेख फत्तेलाल मुसलमान होते. याच नगरशी संबंध असलेले रेव्हरंड ना. वा. टिळक यांनी ख्रिस्तचरित्र सांगावयास घेतले ते ओवीत. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुरे केले. तेव्हा जन्म कोणत्या घरी झाला यावर ही गोडी अवलंबून नसते. समोरच्या चरित्रात मन किती बुडाले, यावर ती अवलंबून असते.

आमच्या मते सर्व वादाचे मर्म येथे आहे. प्रभातची मंडळी तुकोबांकडे पाहत होती. त्यांची नक्कल करणारे प्रभातकडे पाहतात. ज्याची दृष्टी संतावर आहे त्याच्या हाती संताचा काही अंश लागतो. ज्याची दृष्टी आधीच्या चित्रपटावर आहे त्याच्या हाती फार तर पागनिसांची चाल आणि वीणा धरण्याची ढब लागते. गोडी पुन्हा आणू म्हणून ती येत नाही.

शिर्डीच्या बाबतीत हे फार स्पष्ट दिसते. १९७७ सालचा ‘शिर्डी के साईबाबा’ बहुतेकांस मूळ वाटतो. परंतु त्याच्या बावीस वर्षे आधी, १९५५ साली, कुमारसेन समर्थ यांचा मराठी ‘शिर्डीचे श्री साईबाबा’ येऊन गेला होता. साईबाबांनी १९१८ साली देह ठेवला. त्यांची छायाचित्रे उपलब्ध आहेत. असे असूनही १९७७ नंतर जो कोणी बाबांची भूमिका करतो त्याची तुलना लोक छायाचित्राशी न करता सुधीर दळवी यांच्याशी करतात. दळवी यांच्या कामास याहून मोठे प्रमाणपत्र नाही. परंतु पुढच्या नटांनीही तेच केले, तर मूळ पुरुष बाजूस राहून आपण प्रतिबिंबाचे प्रतिबिंब पाहत बसू.

तिसऱ्या प्रकारचे, स्वतःचा प्राण असलेले प्रयत्न मात्र आपण ओळखले पाहिजेत. चंद्रकांत कुलकर्णी यांच्या २०१२ सालच्या ‘तुकाराम’ने तुकोबांचे बालपण, दुकानदारी आणि दुष्काळ यांस मोठी जागा दिली. १९३६ चा भोळा प्रासाद त्यात नाही. परंतु दुष्काळाने घर उद्ध्वस्त झालेला मनुष्य विठ्ठलाकडे कसा वळला, हा आजच्या तरुणाच्या मनातील प्रश्न त्यात आहे. २०२५ साली आलेल्या दिग्पाल लांजेकर यांच्या ‘संत ज्ञानेश्वरांची मुक्ताई’मध्ये तीच आळंदीची भावंडे धाकट्या बहिणीच्या बाजूने पाहिली आहेत. ज्ञानेश्वरांस ताटी उघडावयास लावणारी मुक्ताई कथेच्या मध्यभागी यावी, हा विचारच नवा आणि योग्य आहे. या चित्रपटांत उणिवा कोणास दिसल्या तर त्या सांगाव्यात. ‘प्रभातसारखा नाही’ ही मात्र उणीव नव्हे.

आजोबा मंडळींसही येथे दोन शब्द सांगितले पाहिजेत. भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’त पहिल्याच अंकात लक्ष्मण राम-सीतेस त्यांच्याच वनवासाची चित्रे दाखवितो. भिंतीवरील शूर्पणखा पाहून सीता भयभीत होते, आणि हे चित्र आहे, असे रामास सांगावे लागते. चित्र तर रंगांचेच होते. ते जिवंत झाले सीतेच्या स्मृतीने. जुन्या चित्रपटांची आपली गोडीही काही अंशी अशीच आहे. यात्रेतला तंबू, वडिलांच्या मांडीवरील जागा, आईने पदरात बांधून आणलेले शेंगदाणे, हे सारे आपण त्या पडद्यावर पाहतो. नातवापाशी ती स्मृती नाही, म्हणून त्यास अरसिक म्हणणे अन्यायाचे होईल. कोणताही नवा चित्रपट आपले बालपण परत आणून देणार नाही, आणि त्याच्याकडे ते मागूही नये. परंतु नातवाचे बालपण आज चालू आहे. पन्नास वर्षांनी त्यास जे आठवावयाचे ते याच दिवसांत साठत आहे.

म्हणून आमची गृहस्थाश्रमी वाचकांस विनंती आहे. मुलांच्या हाती चित्रपट देऊन आपण दुसऱ्या खोलीत जाऊ नये. नवा पाहावयाचा तर त्यांच्याबरोबर बसून पाहावा. त्यात संत दिसला की केवळ देखावा दिसला, हे त्यांनाच विचारावे. मुले याचे उत्तर फार नेमके देतात. नंतर एखाद्या दिवशी जुना लावावा, आणि खरखरणाऱ्या आवाजातील शब्द त्यांस समजावून द्यावेत. जेथे चित्रपटाने पदरचे घातले आहे तेथे तेही सांगावे. प्रभातने रंगविलेला सालोमालो निराळा आणि तुकोबांस छळणारे मंबाजी गोसावी निराळे, हे मुलांस कळले तर भक्तीस बाध येत नाही, विवेक मात्र वाढतो. आणि दोन्ही पाहून झाल्यावर गाथेतील वा ज्ञानेश्वरीतील थोडे त्यांच्याकडून वाचून घ्यावे, म्हणजे पडद्यावरील दोन्ही मूर्ती कशावरून घडल्या हे त्यांस कळेल.

आमच्या तरुण कीर्तनकार बंधूंसही हेच माप लागू आहे. गाजलेल्या बुवांची ढब, त्यांचे विनोद, चित्रपटातील चाली उचलून आख्यान उभे राहत नाही. आख्यान जुने असू द्यावे. ते सांगताना आपले डोळे बुवांकडे नसावेत, देवाकडे असावेत.

त्र्यंबकेश्वराहून निघणारी निवृत्तिनाथांची पालखी दरवर्षी आमच्या जिल्ह्यातून पंढरीस जाते. वाट तीच, मुक्काम ठरलेले, अभंगही तेच. चालणारे पाय मात्र प्रत्येक वर्षी काही नवे असतात. त्या नव्या पायांना मागच्यांची ढब उचलावी लागत नाही. पंढरीकडे तोंड असले म्हणजे पुरते. चित्रपट काढणाऱ्यांस आणि तो पाहणाऱ्यांसही पांडुरंग हीच बुद्धी देवो, एवढे मागून आम्ही थांबतो.